अण्णांनी विजय अमृतराजला पाहिलं होतं

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

यंदा गणपतीत आमच्या रामबागेतल्या जुन्या घरी सगळे जमलो होतो. जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे गाडी क्रिकेटवर आली आणि कोण कुणाला प्रत्यक्ष पाहिलंय याची चढाओढ लागली. एका काकांनी सेहवागचे २१९ पाहिलेले, ८ डिसेंबर २०११, आपल्याच होळकर स्टेडियमवर. दुसऱ्यांनी लगेच वरचा पत्ता टाकला, "आमच्या वडिलांनी सीकेंचे २०० पाहिले होते." मग काय, सगळे गप्प. इंदुरात सीकेंच्या वर कोणाचा पत्ता चालत नाही.

तुमच्याही घरी हे होत असणार. इंदूरच्या मराठी घरांत शिक्षण, नोकरी, बंगला याच्या बरोबरीनं आणखी एक मालमत्ता असते, ती म्हणजे "मी पाहिलंय". आणि तिला कारणही आहे. आपल्या गावाला मोठा खेळाडू बघायला कुठे जावं लागत नव्हतं, तो इथंच राहायचा. सी. के. नायडू १९२३ मध्ये होळकर दरबारच्या बोलावण्यावरून आले आणि इथलेच झाले. १९६७ मध्ये गेले तेही इंदुरातच. मुश्ताक अली तर इथेच जन्मले. इंग्लंडमध्ये १९३६ साली मँचेस्टरला शतक ठोकून आलेला माणूस आपल्याला भाजी घेताना दिसायचा. चंदू सरवटे आपल्यातलेच. (बाहेरगावच्यांना अजूनही वाटतं की सरवटे बस स्टँड त्यांच्या नावाचा आहे. नाही हो, ते तात्या सरवटे.) लढाईच्या काळात तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन महूच्या छावणीत होता आणि होळकर संघाकडून खेळला. १९४५ ची रणजीची फायनल, मुंबईत ब्रेबोर्नवर, विजय मर्चंटचे २७८ आणि आपल्याकडून मुश्ताकची दोन शतकं आणि कॉम्प्टन नाबाद २४९. हरलो, पण हरलेल्या सामन्याच्या इतक्या गोष्टी दुसऱ्या कुठल्या गावात सांगत असतील असं वाटत नाही.

पुढच्याच वर्षी, १९४६ ला, फायनल इंदुरात, यशवंत क्लबच्या मैदानावर, बडोद्याविरुद्ध. सीके तेव्हा ५० वर्षांचे. त्यांनी २०० काढले आणि होळकर पहिल्यांदा रणजी जिंकले. आता गंमत बघा. ज्यांच्या-ज्यांच्या घरी "आजोबांनी ते २०० पाहिले" असं सांगतात ते सगळे आजोबा मोजले, तर मैदान सोडा, छत्रीबाग ते पलासिया रस्ता भरेल. मी कोणालाही खोटं पाडत नाहीये. पण हा हिशेब माझ्या मनात बरीच वर्षं आहे, आणि त्याचं कारण आमचे अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. जन्म १९३४. आजोबा लवकर गेले, घरात विधवा आजी, अण्णा आणि त्यांची धाकटी बहीण. अण्णा वार लावून जेवले, हे ते कधी लपवत नसत. पण दुसरी एक गोष्ट फारशी सांगत नसत. दहा-अकरा वर्षांचे असताना एका क्लबात संध्याकाळी टेनिस कोर्टवर चेंडू वेचायला जायचे. साहेब लोक, दरबारातले अधिकारी, एखाद-दोन वकील खेळायचे. अण्णा जाळीपाशी उकिडवे बसायचे, चेंडू अडला की पळत जाऊन उचलायचा आणि परत जागेवर. क्लबचा मार्कर, म्हणजे साहेबांबरोबर सरावाला खेळणारा पगारी माणूस, तो त्यांना शिकवायचा की चेंडू हातात ठेवायचा नाही, साहेबानं मागायच्या आत टप्पा देऊन पोचवायचा. आठवड्याचे काही आणे मिळायचे. रॅकेट मात्र त्यांच्या हातात कधी आली नाही. एकदा मार्करनं दिली होती, तेव्हा कोणी तरी बघितलं आणि मार्करलाच बोलणी बसली.

म्हणून आमच्या घरात क्रिकेटच्या गावात राहून टेनिसचं वेड होतं. अण्णा पुढे एका कापड गिरणीत हिशेबनीस झाले. नई दुनिया आला की आधी खेळाचं पान. रामनाथन कृष्णन १९६० आणि ६१ मध्ये विम्बल्डनच्या सेमीफायनलला गेला हे त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ, असं आई म्हणायची. मग विजय अमृतराज आला. १९७३ मध्ये अमेरिकेत रॉड लेव्हरला हरवलं, पुढच्या वर्षी तिथेच बोर्गला. आणि १९७९ च्या विम्बल्डनला, दुसऱ्याच फेरीत, बोर्गविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता, चौथ्यातही पुढे, आणि हरला. अण्णा दोन दिवस धड जेवले नाहीत. मी तेव्हा दहा वर्षांची होते, मला वाटलं कोणी नात्यातलं आजारी आहे.

त्या काळी मोठ्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतली एक स्पर्धा दरवर्षी भारतात व्हायची. कधी दिल्ली, कधी कलकत्ता, कधी बंगलोर, कधी मुंबई. मुंबईची १९७७ ची विजयनं जिंकली होती. ७९ ला पुन्हा मुंबई. अण्णांनी ठरवलं, जायचं. आज हे वाक्य लिहायला सोपं आहे. तेव्हा रामबागेतल्या हिशेबनिसानं, दोन पोरं आणि म्हातारी आई घरात असताना, टेनिस बघायला मुंबईला जाणं म्हणजे वेडेपणाच. लग्नाला जातात, मयताला जातात, अस्थी घेऊन नाशिकला जातात. खेळ बघायला? आजीनं तोंड फिरवलं. आईनं मात्र डब्यातले पैसे मोजून दिले. का दिले हे मला तेव्हा कळलं नाही, आता थोडंसं कळतं.

अण्णा गेले. छोट्या लाईनच्या गाडीनं खंडव्यापर्यंत, पाताळपाणी, कालाकुंड करत, आणि तिथून मोठ्या लाईननं मुंबई. पाचव्या दिवशी परत आले. हातात कालाकुंडच्या स्टेशनवरचा पानातला कलाकंद. "मुंबईहून काही नाही आणलं?" म्हणून मी रुसले. म्हणाले, "अगं, सामन्यांतून वेळच कुठे होता."

आणि मग सुरू झाली ती गोष्ट. ओटीवर, गिरणीत, गणपतीच्या मांडवात. विजय किती उंच, चालतो कसा सावकाश, सर्व्हिसच्या आधी चेंडू किती वेळा आपटतो, जाळीशी आला की रॅकेटचं तोंड कसं उघडतो. रॅकेटच्या तातीला चेंडू मधोमध लागला तर आवाज कसा येतो आणि कडेला लागला तर कसा. विजय ती स्पर्धा जिंकला होताच, त्यामुळे शेवटही गोड. अण्णा दोन्ही हातांनी दाखवायचे आणि माणसं तोंडात बोट घालून ऐकायची. सीकेंवाल्या मंडळींना पहिल्यांदाच तोडीस तोड मिळालं होतं. मी शाळेत निबंध लिहिला, "माझ्या वडिलांनी पाहिलेला सामना". बाईंनी वर्गात वाचून दाखवला.

मधली वर्षं पटकन सांगते. गिरणी बंद पडली, अण्णांनी दुकानांचे जमाखर्च लिहिले, आम्ही शिकलो, टीव्ही आला, लिएंडर आला, अटलांटाचं ब्राँझ आलं. मोठे खेळाडू भारतात यायला लागले ते चेन्नईला. तिथे नदाल आला, खेळला. २००८ मध्ये मोयाविरुद्ध जवळजवळ चार तासांची सेमीफायनल जिंकला आणि दुसऱ्या दिवशी दमलेला असताना फायनलला सपाटून हरला. मी अण्णांना म्हणायची, जाऊ या एकदा चेन्नईला. ते म्हणायचे, "मी पाहिलंय. तुम्ही जा."

मग २०१४ मध्ये टेनिसच इंदुरात आलं. डेव्हिस कप, भारत विरुद्ध चायनीज तैपेई, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, इंदूर टेनिस क्लबवर. सोमदेव देववर्मन, युकी भांबरी, रोहन बोपण्णा, साकेत मायनेनी. मी तिकिटं काढली आणि अण्णांना विचारलंच नाही, सांगितलं. ते ८० चे झाले होते, गुडघे गेलेले. सकाळी पोहे खाल्ले, पांढरी टोपी घातली, मफलर गुंडाळला आणि रिक्षात बसले.

ज्यांनी टेनिस फक्त टीव्हीवर पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण मलाही त्या दिवशीच कळलं. टीव्हीचा कॅमेरा असतो कोर्टच्या मागे, उंचावर. तिथून कोर्ट चपटं दिसतं, चेंडू आरामात येतो-जातो असं वाटतं, आणि आपण सोफ्यावरून म्हणतो, एवढा सोपा सोडला? बाजूला, खाली बसलं की चेंडू किती जोरात जातो ते कळतं. मान वळेपर्यंत गेलेला असतो. टॉपस्पिनचा चेंडू जाळीच्या हातभर वरून जातो आणि तरी रेषेच्या आत पडतो, मग टप्पा घेऊन खांद्यापर्यंत उसळतो. आणि पाय. टीव्हीवर पाय कधी बघतच नाही आपण. सर्व्हिस घेणारा माणूस समोरच्याच्या रॅकेटला चेंडू लागायच्या क्षणी एक छोटी उडी मारतो, दर वेळी, दिवसभर. बुटांचा करकर आवाज येतो. बाकी आपलं पब्लिक इंदूरचंच, ते शांत कसं बसणार. चेअर अंपायर विनवून थकला. पॉइंट चालू असताना मागून कोणीतरी "मार भिया!" म्हणून ओरडला, तेव्हा अण्णांनी वळून असं पाहिलं की तो पुढचा अर्धा तास गप्प.

चेंडू वेचणारी मुलं होती. नीटनेटके टी-शर्ट, टोप्या, पळत येऊन गुडघ्यावर बसणारी. चेंडू जाळीत अडला की मी खेळाडूकडे बघायची, अण्णा त्या मुलाकडे. एकदा एका मुलानं चेंडू टप्पा देऊन दुसऱ्या टोकाला पोचवला, बरोबर हातात. अण्णा म्हणाले, "शाब्बास." सामन्याला नाही म्हणाले.

सोमदेवचा सामना लांबला. समोरचा खेळाडू जगाच्या यादीत फार वर नव्हता, पण ऐकेना. पाच सेटपर्यंत गेला. टेनिसमध्ये दर दोन गेमनंतर बाजू बदलतात, तेव्हा खेळाडू दीड मिनिट खुर्चीत बसतात. पॉइंट चालू असताना अण्णा बोलत नसत आणि मलाही बोलू देत नसत. त्यामुळे पुढचं सगळं मी दीड-दीड मिनिटाच्या तुकड्यांत ऐकलं.

पहिल्या तुकड्यात म्हणाले, "मी मुंबईला गेलो नव्हतो."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तेवढ्यात खेळाडू उठले. दोन गेम. माझं लक्ष कशाचं लागतंय.

पुढच्या वेळी म्हणाले, "खंडव्याला उतरलो. गाडीला अवकाश होता म्हणून बहिणीकडे गेलो." खंडव्याची आत्या, तीच धाकटी बहीण. गेले तर घरात चूल थंड. आतोबांनी कुणाला तरी जामीन राहून पैसे बुडवले होते, नोकरीवरही गंडांतर होतं, सावकार दारात बसलेला. आत्यानं भावाला पाहिलं आणि नेहमीसारखं हसून पाणी आणलं. त्या हसण्यानं कळलं, म्हणाले.

पुन्हा दोन गेम. या वेळी ड्यूस-ड्यूस करत लांबले. मला त्या सोमदेवचा राग यायला लागला.

मग पुढचं. प्रवासाचे, तिकिटाचे, आईनं दिलेले, सगळे पैसे अण्णांनी तिथे दिले. तीन दिवस राहिले, सावकाराशी बोलले, आतोबांच्या कचेरीत जाऊन आले. आत्यानं शपथ घातली, इंदुरात कळता कामा नये, आईला तर नाहीच. "मग सांगणार काय? विजयला पाहून आलो म्हणून सांगितलं. खंडव्याच्या स्टेशनवर बसून तीन दिवसांचे पेपर वाचले. बाकीचं मला ठाऊकच होतं ना. चेंडूचा आवाज काय, कोर्टाचा वास काय."

"आईला?"

"तिला पहिल्याच रात्री सांगितलं."

म्हणजे आईला शेवटपर्यंत ठाऊक होतं आणि ती दर वेळी ओटीवर चहा घेऊन यायची, अण्णा हात करून व्हॉली दाखवायचे, आणि ती कौतुकानं ऐकायची. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आत्या त्याच्या आदल्या वर्षी गेली. शपथ सुटली म्हणून सांगितलं, की कोर्टाशेजारी बसून ते खोटं पुढे रेटवेना म्हणून, हे मी विचारलं नाही.

खरं सांगू? मला राग आला होता. माझा तो निबंध डोळ्यांपुढे आला. दहा वर्षांची मी वर्गात कॉलर ताठ करून बसलेली. मी एवढंच म्हटलं, "अण्णा, इतकी वर्षं सगळ्यांना हात करून करून कशाला सांगायचं पण? एकदा सांगून गप्प बसायचं." ते म्हणाले, "पहिल्यांदा तिच्यासाठी सांगितलं. नंतर मलाच आवडायला लागलं."

उन्हं उतरली तसा गारवा पडला. पाचवा सेट चालूच होता, पण अण्णा कुडकुडायला लागले आणि आम्ही निघालो. सोमदेव जिंकला हे नंतर पेपरात वाचलं. अण्णा पेपर दुमडून म्हणाले, "बघ, आयुष्यात एक सामना बघायला गेलो, त्याचाही शेवट पेपरातच."

शनिवारी डबल्सला पुन्हा जायचंच म्हणाले. क्लबात साहेब लोक डबल्सच खेळायचे, त्यामुळे त्यांचा जीव डबल्सवर. बोपण्णाची सर्व्हिस आमच्या बाजूनं सुरू झाली की ते पुढे सरकून बसायचे. भारत ती लढत ५-० जिंकला. ऑक्टोबरात साकेतनं इंदुरातच चॅलेंजर स्पर्धा जिंकली, ती बघायला आम्ही गेलो नाही, अण्णांचा गुडघा तेव्हा फारच धरला होता. २०१६ च्या पावसाळ्यात ते गेले.

पुढे चेन्नईची ती स्पर्धा २०१८ पासून पुण्याला आली, महाराष्ट्र ओपन नावानं, बाळेवाडीला. माझी लेक हिंजवडीत नोकरीला. पहिल्या वर्षी ती मरिन चिलीचला बघायला गेली, हा अमेरिकन ओपन जिंकलेला माणूस. २००९ च्या चेन्नई फायनलला त्यानंच आपल्या सोमदेवला हरवलं होतं. तो सेमीफायनलला जील सिमोंकडून हरला आणि लेक फोनवर फुरंगटली. त्याच महिन्यात चिलीच मेलबर्नला फायनलपर्यंत गेला आणि फेडररशी पाच सेट खेळला, मग तिची समजूत पटली. पुढच्या वर्षी मी इंदूरहून रात्रीच्या बसनं गेले. ५ जानेवारी २०१९, फायनल, केव्हिन अँडरसन विरुद्ध इवो कार्लोविच. एक ६ फूट ८ इंच, दुसरा ६ फूट ११, आणि तो दुसरा ३९ वर्षांचा. तिन्ही सेट टायब्रेकरवर गेले. कार्लोविच हरला, पण त्याची सर्व्हिस मी विसरणार नाही. चेंडू माडावरून पडल्यासारखा यायचा. बाजू बदलायला खेळाडू बसले की मी नकळत शेजारच्या खुर्चीकडे बघायची. लेकीनं विचारलं, काय ग? म्हटलं काही नाही, पाणी दे.

निघताना तिकीट जपून ठेवावं म्हटलं, तर ते लेकीच्या फोनमध्ये.

जानेवारी २०२४ मध्ये ४३ वर्षांचा बोपण्णा मेलबर्नला डबल्स जिंकला तेव्हा आमच्याकडे पाहुणे होते. मी म्हटलं, याला मी पाहिलंय, इंदुरात, चार रांगांवरून. पाहुणे म्हणाले, खरंच? आणि मी हात करून त्याची सर्व्हिस दाखवायला लागले.

हे सगळं आतेभावाला विचारून लिहितेय. तो म्हणाला, लिही, आता लपवायला कोण उरलंय.

एक विनंती आहे. त्या दिवशी मी फोटो काढलाच नाही, फोन पर्समध्ये आणि लक्ष दुसरीकडेच. तुमच्यापैकी बरेच जण तिथे होतात. ३१ जानेवारी किंवा १ फेब्रुवारी २०१४ चा तुमच्याकडे प्रेक्षकांचा फोटो असेल आणि त्यात चौथ्या रांगेत पांढरी टोपी, तपकिरी मफलर, पुढे वाकून बसलेले एक म्हातारे गृहस्थ दिसले, तर मला पाठवा.